चाल तीच, साल वेगळं

चैत्र लागला की कोल्हारच्या पुलावरून पालख्या जायला लागतात. रामनवमीला शिर्डी गाठायची म्हणून पुण्याकडून निघालेली मंडळी नगर, राहुरी मागे टाकत येतात, प्रवरा ओलांडून आमच्या गावात शिरतात, घटकाभर टेकतात आणि बाभळेश्वरच्या रस्त्याला लागतात. पायाला फडकी गुंडाळलेली, डोक्यावर ओला टॉवेल, पुढे पालखीचा टेम्पो आणि टेम्पोवर स्पीकर. एका पालखीचं गाणं बाभळेश्वरकडे विरत जातं, तोवर दुसरीचं पुलावरून ऐकू यायला लागतं. आणि मधल्या तेवढ्याशा फटीत कुठल्या तरी घरातून गीतरामायण कानावर येतं.

गल्लीतले आबा अशाच एका दुपारी आमच्या ओट्यावर बसले होते. घरात टेपवर गीतरामायणाची कॅसेट चालू होती. सीतेचं गाणं लागलं तसे भिंतीला टेकलेले आबा सरळ होऊन बसले. गाणं संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगलंय. पण आम्ही ऐकलं ते हे नव्हतं. आमच्या टायमाला सीतेचं गाणं बाईनं म्हणलं होतं. कौसल्येचं येगळ्या बाईनं. रामाचं तेवढं ह्यांनी." वडील म्हणाले, "आबा, गीतरामायण बाबूजींचंच आहे." आबांनी मान हलवली. "चाल त्यांचीच. मी कुठं नाही म्हणतो? आवाज दुसरे होते."

आबांचं बरोबर होतं. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे आकाशवाणी केंद्र सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. सीताकांत लाड यांनी कल्पना मांडली, ग. दि. माडगूळकरांनी लिहायला घेतलं, सुधीर फडक्यांनी, म्हणजे बाबूजींनी, चाली द्यायला घेतल्या आणि आठवड्याला एक याप्रमाणे गाणी प्रसारित होऊ लागली. वर्षाची म्हणून ५२ गाणी ठरली होती. त्या साली अधिक मास आला आणि ती ५६ झाली. पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी, शेवटचं गाणं झालं. त्या वर्षभरात रामाची गाणी फडक्यांनी स्वतः गायली, सीतेचा आवाज माणिक वर्मांचा होता, कौसल्येचा ललिता फडक्यांचा. सुरेश हळदणकर, राम फाटक, वसंतराव देशपांडे, बबनराव नावडीकर, मालती पांडे असे कितीतरी गळे त्यात होते. गावात रेडिओ मोजकेच. ज्याच्याकडे असेल त्याच्या दारात सकाळी माणसं जमायची आणि पायरीवर बसून ऐकायची. आबांनी रामायण ऐकलं ते असं.

नंतर एच.एम.व्ही.ने तीच छप्पन गाणी ध्वनिमुद्रित केली, ती सगळीच्या सगळी बाबूजींच्या आवाजात. राम तेच, सीता तेच, कौसल्या, भरत, हनुमानही तेच. माझ्या पिढीने ऐकलं ते हे. कॅसेटचा तो संच ज्या घरात असे, त्या घराची एक वेगळी पत असायची. आम्हाला कुणी सांगितलंच नाही, की याच्या आधी एक गीतरामायण होऊन गेलं आहे. दुसऱ्यांदा गायलेल्या गाण्याने पहिल्याची जागा इतकी पूर्ण घेतली, की आबांसारखी माणसं गेल्यावर ते पहिलं आठवणारं गल्लीत कुणी उरलं नाही.

आपलंच गाणं कलावंत पुन्हा का गातो, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. एकदा जमलेलं, लोकांनी डोक्यावर घेतलेलं गाणं. त्याला पुन्हा हात लावण्यात धोकाच जास्त. ऐकणाऱ्याच्या कानात पहिलं रूप घट्ट बसलेलं असतं आणि त्यात नुसती तबल्याची जागा बदलली तरी त्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं. तरीही माणसं पुन्हा गातात. मायक्रोफोनसमोर तेच शब्द घेऊन उभी राहतात.

बाबूजींच्या बाबतीत मला एक उत्तर सापडलं आहे, ते मी माझ्यापुरतं धरून ठेवलं आहे. गीतरामायणाची सुरुवात आठवा. भूप रागातलं ते पहिलं गाणं रामाच्या दरबारात उघडतं. कुश आणि लव गात आहेत, आणि ज्याची कथा तोच राम समोर बसून ऐकतो आहे. म्हणजे त्यानंतर येणारी दशरथाची, कैकेयीची, सीतेची सगळी गाणी मुळात त्या दोन मुलांच्या तोंडची आहेत. ती एका कथेकऱ्याने सांगायची आहेत. आकाशवाणीवर प्रत्येक पात्राला वेगळा गळा मिळाला तेव्हा त्याचं नाटक झालं, फार देखणं श्रवणनाट्य झालं. बाबूजींनी एकट्याने सगळं गायलं तेव्हा ते पुन्हा कथेच्या ठिकाणी आलं. आमच्याकडे कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला यात काहीच नवल वाटत नाही. सप्ताहात फेट्याचा, मिशीचा कीर्तनकार उभा राहतो आणि सीतेचा शोक सांगताना सगळा मांडव रडवतो. बाप्या माणूस बाईचं दुःख कसं सांगतो, असं तिथे कुणी विचारत नाही. तिथे सांगणारा एकच असतो आणि दुःख सगळ्यांचं.

पण एवढ्यावर समाधान मानता येत नाही. कारण पुढे आकाशवाणीवरची मूळ गाणी माझ्या कानावर आली आणि मी सीतेचं एक गाणं माणिक वर्मांच्या आवाजात ऐकलं. किराणा घराण्याच्या तालमीतला गळा. स्वर लावताना जोर नाही, दाखवणं नाही. ओळ संपता संपता शेवटच्या अक्षरावर एक बारीकशी हरकत, आली आली म्हणेपर्यंत विरलेली. मागे वाद्यं थोडी. ध्वनिमुद्रण जुनं, आवाजाभोवती हलकी खरखर. आणि त्या खरखरीच्या आत एक बाई अगदी खालच्या सुरात विचारते आहे, तक्रार न करता. मग लगेच तेच गाणं बाबूजींचं लावलं. इथे शब्द न् शब्द स्वच्छ, जोडाक्षराचा प्रत्येक अवयव नीट ऐकू येणारा. अर्थ आधी पोहोचतो आणि सूर त्याला धरून मागोमाग येतो. बाबूजी सीतेच्या जागी जात नाहीत. तिच्याशेजारी उभे राहून तिचं म्हणणं आपल्याला सांगतात. चाल एकच. गाण्याचा मुक्काम मात्र दोन वेगळ्या ठिकाणी. त्या दिवशी मला आबांच्या त्या सरळ होऊन बसण्याचा अर्थ कळला. कॅसेटमधला आवाज ऐकताना ते मनातल्या मनात दुसरा ऐकत होते.

पहिलं कशाला म्हणायचं, हाही एक पेचच आहे. गीतरामायणाच्या त्या पहिल्या गाण्याची एक गोष्ट सांगतात. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद फडक्यांकडून हरवला, ध्वनिमुद्रण तोंडावर आलेलं, आणि माडगूळकरांनी ते गाणं पुन्हा लिहून दिलं. गोष्ट खरी धरली तर जे सर्वांत पहिलं, तेही दुसऱ्यांदाच लिहिलेलं आहे. हरवलेल्या कागदावर काय होतं, ते दोघेही घेऊन गेले.

या सगळ्याचा एक साक्षीदार आमच्याच जिल्ह्यातला होता. प्रभाकर जोग. जन्म १९३२चा, हरेगावचा. श्रीरामपूरजवळचं हे हरेगाव सप्टेंबरातल्या मतमाउलीच्या यात्रेमुळे आणि एकेकाळच्या साखर कारखान्यामुळे भागात सगळ्यांना ठाऊक आहे. जोगांमुळे ठाऊक असायला हवं होतं. गीतरामायण सुरू झालं तेव्हा जोग बाविशीत होते आणि बाबूजींच्या साथीला व्हायोलिन घेऊन बसले होते. पुढे गीतरामायणाचे कार्यक्रम गावोगाव झाले, तिथेही त्यांचं व्हायोलिन होतं. एखाद्या गाण्याची दोन आयुष्यं ऐकणारे आपण. जोगांनी ती वाजवली.

मग ते स्वतः संगीतकार झाले. 'स्वर आले दुरुनी' ही त्यांची चाल, शब्द यशवंत देवांचे आणि गायलं बाबूजींनी. ज्यांच्या चालींना आयुष्यभर साथ केली, त्यांनी आपली चाल गावी, यापेक्षा मोठा सन्मान कोणता? आणि त्याहूनही मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. 'गाणारं व्हायोलिन' या नावाने जोगांनी लोकप्रिय गाणी एकट्या व्हायोलिनवर वाजवली. शब्द काढून घेतलेले, गायक काढून घेतलेला. त्यांच्या गजाला शब्दांचे उच्चार करता येत असत, असं जाणकार म्हणायचे. ऐकताना खरंच ओळ ओठावर येते. कुठे श्वास घ्यायचा, कुठल्या अक्षरावर किंचित रेंगाळायचं, हे सगळं गज सांगतो.

पुन्हा गाण्याची ही रीत मला सर्वांत सौम्य वाटते. इथे नवा आवाज जुन्याला ढकलत नाही. व्हायोलिन चाल वाजवतं आणि ऐकणारा त्याच्या मनातला आवाज त्यावर ठेवतो. कुणाला बाबूजी ऐकू येतील, कुणाला मालती पांडे, कुणाला स्वयंपाकघरात गुणगुणणारी स्वतःची आई. एकाच वेळी सगळी रूपं तिथे राहू शकतात. जोग २०२१ साली गेले. नगर जिल्ह्यात त्यांच्या नावाने किती कार्यक्रम झाले असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं.

पुन्हा गाण्याची कारणं तरी किती. वय हे एक. तरुणपणी वरची पट्टी सहज लागते. साठीनंतर तीच गाणी पट्टी उतरवून गावी लागतात. पट्टी उतरली की गाण्याचा स्वभाव बदलतो. जिथे आर्जव होतं तिथे समजूत येते. अरुण दाते 'शुक्रतारा' आयुष्यभर गात राहिले. पहिल्या ध्वनिमुद्रणात त्यांच्यासोबत सुधा मल्होत्रा होत्या. पुढे मंचावर कितीतरी गायिका आल्या, बदलल्या. गाणं दोघांचं, आणि त्यातला एक आवाज दर काही वर्षांनी नवा. दात्यांचा आवाज तेवढा हळूहळू पिकत गेला. ज्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा ऐकलं, त्यांनी एका माणसाचं वय होणं एकाच गाण्यातून ऐकलं. हे भाग्य ध्वनिमुद्रिकेवरच्या एका आवाजातून मिळत नाही. तो आवाज ज्या दिवशी मुद्रित झाला, त्याच दिवसाचा राहतो.

दुसरं कारण हक्काचं. अमेरिकेतल्या टेलर स्विफ्ट या गायिकेची गोष्ट अलीकडची आहे. तिच्या पहिल्या सहा अल्बमांची मूळ ध्वनिमुद्रणं २०१९ साली कंपनीबरोबर दुसऱ्याला विकली गेली. गाणी तिने लिहिलेली, गळा तिचा. पण सातबाऱ्यावर नाव भलत्याचं. जमिनीच्या तुकड्यासाठी तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या आमच्या भागाला तिचं दुखणं चटकन कळावं. तिने काय केलं? २०२१पासून एकेक जुना अल्बम पहिल्यापासून पुन्हा गायला सुरुवात केली. असे चार अल्बम तिने केले आणि प्रत्येकाच्या नावापुढे कंसात आपलं नाव घातलं. २०२५च्या मे महिन्यात तर ती मूळ ध्वनिमुद्रणंच तिने विकत घेतली.

बाबूजींच्या आणि तिच्या पुन्हा गाण्यात एक मोठा फरक आहे. बाबूजींनी छप्पन गाण्यांची मांडणीच बदलली. तिने मात्र काही म्हणजे काही बदलू नये अशी धडपड केली. तोच ठेका, तेच वाद्यमेळाचे तुकडे, त्याच जागा. तरी बदललंच. अठराव्या वर्षी गायलेलं प्रेमाचं गाणं एकतिसाव्या वर्षी तसंच्या तसं गायलं, तरी गाणारी ते पुढे काय झालं हे माहीत असूनच गाते. ते माहीत असणं आवाजात उतरतं, लपवून लपत नाही. मला ते नवं रूप म्हणूनच जास्त जवळचं वाटतं. आपली वस्तू परत मिळवायला निघालेल्या माणसाचं बळ त्यात आहे, आणि आपलं तरुणपण परत मिळत नाही याची जाणीवही.

आणि तिसरी गोष्ट आमच्या लग्नांच्या वरातीतली. अजय-अतुल यांचं 'जत्रा'मधलं 'कोंबडी पळाली' हे गाणं २००६ सालचं. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे आवाज. सहा वर्षांनी त्याच भावांनी ती चाल 'अग्निपथ'साठी हिंदीत नेली, श्रेया घोषालकडून गाऊन घेतली, 'चिकनी चमेली' झाली. आमच्याकडे डीजेवर दोन्ही वाजतात. एकावर चाळिशीचे काके नाचतात, दुसऱ्यावर पोरं; आणि तिसऱ्या मिनिटाला सगळेच एकमेकांत मिसळलेले असतात. तिथे दोन गाणी झाली आणि दोन्ही जगली.

पण 'सैराट'चं तसं झालं नाही. एप्रिल २०१६मध्ये तो सिनेमा आला आणि त्या उन्हाळ्यात 'झिंगाट' वाजलं नाही असं लग्न तालुक्यात शोधून सापडलं नसतं. दोन वर्षांनी त्याचाच हिंदी अवतार, 'धडक', आला. गाणं तेच, चाल तीच, वाद्यंही त्याच ताकदीची, गायलेही अजय-अतुलच. फक्त भाषा हिंदी झाली. आमच्या वरातीत मी ते कधी ऐकलं नाही. कुणी ठरवून टाळलं नाही, ते आलंच नाही. त्या गाण्याचं बळ ठेक्यात आहे असं वाटत होतं; पण ते होतं बोलीत. करमाळ्याच्या, आमच्या, भीमेच्या आणि प्रवरेच्या मधल्या मुलखातल्या पोराच्या तोंडच्या बोलीत. तो पोर ज्या भाषेत लाजतो, ज्या भाषेत उगाच मोठा आव आणतो, ती काढून घेतल्यावर त्याच गळ्यांनाही ते गाणं पुन्हा उभं करता आलं नाही. कलावंत आपलं गाणं पुन्हा गाऊ शकतो, गाणं मात्र आपली माती बदलायला दर वेळी तयार होत नाही.

हे सगळं ध्वनिमुद्रणाच्या जगातलं. या जगाला लागूनच आमच्याकडे दुसरं एक जग आहे, तिथे पहिलं-दुसरं असा हिशोबच नव्हता. यात्रा-जत्रांच्या दिवसांत तमाशाची कनात लागते. गण होतो, गवळण होते. कालच्या गावात म्हटलेली गवळण आज या गावात पुन्हा होते. पण आज थंडी जास्त आहे, आज ढोलकीवाला खुशीत आहे, आज पुढच्या रांगेतून दाद लवकर आली आहे. म्हणून एक ओळ दोनदा येते, एक लांबते, एक गाळली जाते. याच प्रवरेच्या वरच्या अंगाला संगमनेर आहे. तिथल्या कांताबाई सातारकर आयुष्यभर फडावर उभ्या राहिल्या. २०२१ साली त्या गेल्या. त्यांनी किती रात्री, किती गावांत, एकच पद किती तऱ्हांनी म्हटलं असेल, याची नोंद कुठल्या तबकडीवर नाही. प्रत्येक रात्र नवं ध्वनिमुद्रण होती आणि पहाटे कनात उतरली की ते संपत होतं. ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडेच ते राहिलं.

म्हणून पुन्हा गायलेल्या गाण्यावर नाराज होणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं, की एकदाच गाऊन कायमचं ठेवून देणं ही रीतच फार अलीकडची आहे. त्याआधी हजार वर्षं आपण पुन्हा गाण्यावरच जगलो. अभंग तोच ठेवून चाल बदलली, चाल तीच ठेवून गळा बदलला. तबकडी आली आणि एका सालचा एका दिवसाचा आवाज सगळ्यांना पुरवू लागली. तिचे उपकार आहेतच. माणिक वर्मांची ती हरकत तिच्यामुळेच माझ्यापर्यंत आली. पण तबकडीला प्रमाण मानून कलावंताला तिच्याशी बांधून घालणं अन्यायाचं आहे. ज्याने गाणं केलं, त्याला त्या गाण्याकडे परत जाण्याचा अधिकार आहे. तिथे त्याला काय दिसतं, हे ऐकण्याचा अधिकार आपला.

अट एकच. नवं येताना जुनं पुसलं जाऊ नये. गीतरामायणाच्या बाबतीत आपण ते पुसू दिलं. बाबूजींनी कुणाचं काही हिरावलं नाही. ऐकणाऱ्यांनी विचारायचं सोडलं. घरात गाणं लावाल तेव्हा ते कोणत्या सालचं आणि कुणाच्या गळ्यातलं, हे मुलांना सांगत जा. जुन्या कॅसेट भंगारात देण्याआधी एकदा चालवून बघा, वरची नावं वहीत उतरवून ठेवा. बाबूजींचं नाव सगळ्यांना पाठ आहे आणि ते असायलाच हवं. त्याच्यासोबत माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, वसंतराव देशपांडे, बबनराव नावडीकर आणि व्हायोलिनवर हरेगावचे प्रभाकर जोग, ही नावंही घेतली पाहिजेत. रामायण पहिल्यांदा त्यांनी गायलं, वाजवलं.